बोटांच्या फटीतून पाहिलेले

चित्रपटातील जे दृश्य पाहून झाल्यावर प्रेक्षक "हे बघायला नको होतं" असे म्हणतो आणि त्याच संध्याकाळी किमान चौघांना ते हातवाऱ्यांसह सांगतो, त्या दृश्यासाठी प्रस्तुत लेखात 'नकोसे दृश्य' अशी संज्ञा वापरली आहे. या व्याख्येचा उत्तरार्ध पूर्वार्धापेक्षा महत्त्वाचा आहे. कारण खरोखर नकोशी झालेली गोष्ट माणूस पोटात ठेवतो, आणि पुणे जिल्ह्याच्या पूर्वेकडील शिरूर व दौंड या दोन तालुक्यांत नकोसे दृश्य पोटात ठेवलेला प्रेक्षक शोधू गेल्यास प्रत्यक्ष भूत पाहिलेले लोक त्याच्याआधी सापडतात.

असे दृश्य पाहण्याची प्रस्थापित पद्धत अशी की, दोन्ही तळवे डोळ्यांवर घट्ट धरावेत आणि मग बोटे फाकवावीत. तर्जनी व मध्यमा यांच्यामध्ये जी फट राहते तिच्यातून पडद्याचा जेमतेम एक पट्टा दिसतो, परंतु भूत, सुरा, तुटलेला हात इत्यादी ऐवज नेमका त्याच पट्ट्यात येतो आणि झाकली जाते ती केवळ भिंत, खिडकी आणि अंगणातली तुळस. स्त्रीवर्गात या कामी पदर वापरण्याची रूढी असून पदर जितका विरळ विणीचा तितक्या जोराने तो डोळ्यांवर दाबला जातो, असे निरीक्षण आहे. पुरुष डोळे झाकत नाहीत. त्यांना त्या क्षणी चपलेचा अंगठा तपासावासा वाटतो, खिशातला मोबाइल वाजल्याचा भास होतो, किंवा शेजारच्या मुलाला धीर देण्याची निकड भासते, आणि तो धीर देताना ते मुलाचे मनगट असे आवळतात की मुलाला पडद्यापेक्षा बापाचे भय वाटू लागते.

"बाबा, हात सोडा की. दुखतोय."

"गप बस. घाबरू नको."

पडद्यावरच्या भीतीचा इतिहास रेल्वेगाडीपासून सुरू होतो, आणि त्यामुळे तो आपोआपच दौंडला येऊन थांबतो. ल्युमिए बंधूंनी स्थानकात शिरणाऱ्या आगगाडीचे चित्र दाखवले तेव्हा गाडी अंगावर येते आहे असे वाटून पॅरिसचे प्रेक्षक पळत सुटले, अशी एक दंतकथा आहे. हेच चित्र 7 जुलै 1896 रोजी मुंबईच्या वॉटसन हॉटेलातील खेळातही दाखवले गेले. चित्रपटाचे इतिहासकार त्या पळापळीवर फारसा विश्वास ठेवत नाहीत, आणि दौंडकरही ठेवत नाहीत, मात्र दोघांची कारणे निराळी आहेत. दौंड हे पुणे, सोलापूर, मनमाड आणि बारामती अशा चार दिशांना फाटे फुटलेले जंक्शन असल्यामुळे, गाडी येताना दिसली आणि माणसे पळाली हे वाक्य तेथे एकाच अर्थाने समजते, तो म्हणजे त्यांना बसायला जागा पकडायची होती; त्यांनी गाडीपासून दूर का पळावे, हे त्या गावात कोणालाही समजावून देता येत नाही.

भीतीला स्थानिक सामान लागते, हे यावरून लक्षात येईल. आल्फ्रेड हिचकॉकच्या 'सायको' या 1960 सालच्या चित्रपटात स्नानगृहातील शॉवरखाली खून होतो, त्यातील रक्त म्हणजे चॉकलेटचे सरबत होते, आणि ते दृश्य करणारी अभिनेत्री जॅनेट ली हिने पुढे शक्यतो शॉवर टाळल्याचे मुलाखतींतून सांगितले. पण ज्या घरात नळाला दिवसाआड पाणी येते आणि आंघोळ बादली-तांब्याने होते, तेथील प्रेक्षकाला त्या दृश्यात खुनापेक्षा वाहून जाणारे पाणी अधिक अस्वस्थ करते. हाच प्रकार 'तुंबाड'च्या बाबतीत घडला. राही अनिल बर्वे यांचा हा चित्रपट 2018 साली आला, फार चालला नाही, आणि सप्टेंबर 2024 मध्ये पुन्हा प्रदर्शित झाला तेव्हा पहिल्या खेपेपेक्षा जास्त कमाई करून गेला. त्यात साखळीने जखडलेली एक म्हातारी आहे, पुढे तिच्या अंगातून झाड उगवलेले दिसते, आणि ते पाहून शहरी प्रेक्षकांच्या झोपा उडाल्या. पण चित्रपटभर कोसळणारा पाऊस पाहून कान्हूर मेसाई, पाबळ, केंदूर या शिरूर तालुक्याच्या अवर्षणग्रस्त पट्ट्यातील ज्येष्ठांची नजर म्हातारीवर टिकतच नाही.

"भुताचं राहू द्या. असा पाऊस किती दिवस चालला असंल हो?"

"पिच्चर संपस्तोवर."

"आन् त्यास्नी खजिन्याची हाव? वर बघायचं सोडून हिरीत काय उतरत्यात?"

याउलट 'लपाछपी' हा चित्रपट या दोन तालुक्यांसाठीच काढला होता की काय, असे वाटण्याइतका तेथे लागू पडला. विशाल फुरिया यांनी दिग्दर्शित केलेला आणि पूजा सावंत व उषा नाईक यांच्या भूमिका असलेला हा चित्रपट जुलै 2017 मध्ये आला आणि 2021 मध्ये 'छोरी' या नावाने हिंदीतही गेला. त्याची कथा एका गरोदर स्त्रीची असून ती उसाच्या फडाच्या मधोमध असलेल्या एकाकी घरात येऊन राहते, आणि त्या उसातून तिला मुलांचे आवाज येऊ लागतात. आता न्हावरे येथे घोडगंगा आणि पाटस येथे भीमा असे दोन सहकारी साखर कारखाने ज्या मुलखात उभे राहिले, जेथे चासकमानचा कालवा, घोड नदी आणि खडकवासल्याचा उजवा कालवा यांच्या भरवशावर नजर पोहोचेल तेथवर ऊस उभा असतो, तेथील प्रेक्षकाला हे दृश्य पडद्यावर पाहून घरी परतताना तेच दृश्य दुतर्फा, विनातिकीट आणि पाचटाच्या आवाजासह पुन्हा पाहावे लागते. (हा लेख लिहिणाऱ्याने संदर्भासाठी तो चित्रपट भर दुपारी, दार उघडे ठेवून आणि आवाज बंद करून पाहिला, तरी त्याच्या निष्कर्षांना त्यामुळे बाध येऊ नये.)

येथे शेतीतील एक बाब समजून घेणे आवश्यक आहे. कृषिपंपांना थ्री-फेज वीज चक्राकार पद्धतीने, म्हणजे काही दिवस दिवसा आणि काही दिवस रात्री, मिळत आली आहे. आणि रात्रीची पाळी आली की शेतकऱ्याला दारे धरण्यासाठी रानात जावे लागते. दारे धरणे म्हणजे एका सरीत पाणी पुरेसे झाले की खोऱ्याने मातीचे दार फोडून ते पुढच्या सरीत सोडणे आणि मागचे दार लावणे. हे काम एकट्याने, अंधारात, गुडघाभर चिखलात आणि पुरुषभर उसात उभे राहून करायचे असते, म्हणजे भयपटाच्या दिग्दर्शकाला जी मांडणी करायला कलादिग्दर्शक ठेवावा लागतो ती महावितरणच्या वेळापत्रकात आयती बसवलेली असते. 'लपाछपी' पाहिलेल्या घरात मध्यरात्री लाइट आली की पुढील संवाद होतो.

"उठा, मोटर चालू करायची ना?"

"आज नको. रानात ओल हाय अजून."

"तीन आठवडं पाणी न्हाई उसाला. ओल कुठनं आली?"

"खालून."

अखेरीस तो शेजाऱ्याला सोबत घेतो. शेजाऱ्यानेही तोच चित्रपट पाहिलेला असल्याने, मात्र त्याने तो पाहिल्याचे कबूल केलेले नसल्याने, दोघे एकमेकांना पाठ लावून चारी दिशांना बॅटरी मारत उभे राहतात आणि दारे धरायचे काम तेवढे राहून जाते. पाणी सरी भरून, बांध फोडून तिसऱ्याच्या काढणीला आलेल्या कांद्यात शिरते. तो तिसरा गडी डोक्याला पांढरा टॉवेल गुंडाळून, हातातला कंदील हनुवटीखाली धरून, उसातून वाट काढत जाब विचारायला येतो. त्याला पाहून दोघे खोरे, बॅटरी आणि एक चप्पल तेथेच टाकून वस्तीवर पोहोचतात, आणि पोहोचल्यावर एकमेकांना सांगतात की आपण दुसऱ्याला सांभाळायला म्हणून पळालो. सकाळी भरपाईची बोलणी होतात. पंचांसमोर चित्रपटाची सगळी कथा सांगावी लागते, ती ऐकून तिसऱ्याचा राग निवळतो, तो मोबाइलवर तो चित्रपट शोधून पाहतो, आणि पुढच्या रात्रपाळीला तिघांचाही ऊस कोरडा राहतो.

उसात बिबट्याही असतो, हे येथे सांगायला हवे. तो विषय विनोदाचा नाही, कारण शिरूरच्या उत्तरेकडील गावांत त्याने माणसांचे जीव घेतले आहेत, आणि रात्री मोबाइलवर मोठ्याने भजन लावून पाणी देणारा शेतकरी भुताला नव्हे तर त्याला ऐकवण्यासाठी ते लावतो. दिवसा वीज द्या ही मागणी तेथून येते. असो.

'लपाछपी'बाबत आणखी एक गोष्ट नोंदवण्यासारखी आहे. चित्रपटाचा खरा विषय स्त्रीभ्रूणहत्या हा आहे आणि त्यातील सर्वांत नकोशी गोष्ट भुते करीत नाहीत, जिवंत माणसे करतात. परंतु चौघांना हातवाऱ्यांसह दृश्य सांगणारा प्रेक्षक उसातली मुले सांगतो, विहीर सांगतो, म्हातारीचे हसणे करून दाखवतो आणि त्या एका मुद्द्यापाशी आला की त्याला एकाएकी चहाची आठवण होते.

बालवर्गाच्या भीतीचा अभ्यास 'झपाटलेला'शिवाय अपुरा राहील. महेश कोठारे यांचा हा चित्रपट 1993 सालचा. त्यात तात्या विंचू नावाच्या गुंडाचा आत्मा एका बाहुल्यात शिरतो, आणि तो बाहुला शब्दभ्रमकार रामदास पाध्ये यांनी घडवला होता. शब्दभ्रम म्हणजे ओठ न हलवता बाहुलीच्या तोंडून बोलणे. चित्रपट विनोदी होता, लक्ष्मीकांत बेर्डे त्यात होते, मोठी माणसे पोट धरून हसली, आणि तेवढ्यात मांडीवरच्या मुलांच्या पुढच्या दहा वर्षांचे नुकसान होऊन गेले. जत्रेतून हौसेने आणलेले बाहुले त्या वर्षी घरोघर भिंतीकडे तोंड करून ठेवले गेले, मग पोत्यात घातले गेले, पोते सुतळीने बांधून माळ्यावर टाकले गेले, आणि ते तेथे आहे हे सर्व जण विसरल्यावर दिवाळीच्या साफसफाईत स्टुलावर उभ्या असलेल्या काकूंच्या अंगावर पडले. काकू स्टुलासह खाली आल्या आणि बाहुला त्यांच्या छातीवर बसलेला आढळला. पुढे 2006 साली 'लगे रहो मुन्नाभाई'मध्ये तात्या विंचूला आवाज देणारे दिलीप प्रभावळकर महात्मा गांधी झाले आणि साऱ्या देशाने डोळे पुसले, तेव्हा त्या पिढीतील एक तरुण मात्र खुर्चीत पाय वर घेऊन बसला होता.

"अरे, बापू आहेत ते."

"असतील. पण आवाज तात्या विंचूचाय."

रामसे बंधूंच्या चित्रपटांबद्दल विस्ताराने लिहिण्याचे कारण नाही. 'पुराना मंदिर' (1984) किंवा 'वीराना' (1988) तंबूत, म्हणजे जत्रेत कनातीचे थिएटर लावून दाखवल्या जाणाऱ्या फिरत्या सिनेमात, मातीवर बसून पाहणाऱ्यांना पडद्यावरच्या राक्षसापेक्षा खेळ सुटल्यावर स्मशानाकडून जाणारी वाट मोठी होती, आणि त्या वाटेने सर्वांत पुढे कोणी चालायचे यावरून तुटलेल्या मैत्र्या अजून जुळलेल्या नाहीत.

भुताविना घाबरवण्याचा मान 'माहेरची साडी'कडे जातो. विजय कोंडके यांच्या 1991 सालच्या या चित्रपटात सून म्हणून अलका कुबल यांनी सोसले आणि सासू म्हणून उषा नाडकर्णी यांनी सोसायला लावले. गावोगावच्या बायका ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत बसून तो पाहायला गेल्या, ओले पदर घेऊन परतल्या आणि पुन्हा बघवणार नाही असे म्हणत पुन्हा गेल्या. सुनांना तो पाहवेना याचे कारण उघड आहे, पण सासवांनाही तो पाहवला नाही, हे कमी लोकांना ठाऊक आहे. परतीच्या ट्रॉलीत सगळ्या सुना एका बाजूला आणि सगळ्या सासवा दुसऱ्या बाजूला बसल्या, कोणी कोणाकडे पाहीना, आणि त्यानंतरचे आठ दिवस घराघरांत सासवा स्वतःच्या हाताने चहा करून पिऊ लागल्या. नवव्या दिवशी एकीने चहात साखर कमी असल्याचे सुनेला ऐकवले आणि सर्वांना हायसे वाटले.

'सैराट'चा शेवट मात्र ज्याने पाहिला त्याला आठ दिवसांत सुटका मिळाली नाही. दिग्दर्शक नागराज मंजुळे यांचे जेऊर हे दौंड-सोलापूर मार्गावरचेच स्टेशन असल्यामुळे दौंडच्या प्रेक्षकाने आर्ची आणि परशा या प्रेमी जोडीला सोयरिकीतले मानले होते. 29 एप्रिल 2016 पासून तो थिएटरात 'झिंगाट'वर नाचला, शेजाऱ्याच्या पायावर नाचला, आणि शेवटी घरातून बाहेर चालत येणाऱ्या लहान मुलाची लाल पावले पाहून घामाने भिजलेल्या अवस्थेत गप्प उभा राहिला, कारण बसावे की निघावे हे त्याला कळेना. पार्श्वसंगीत नसल्याने पॉपकॉर्न चावण्याचीही सोय उरली नव्हती. यानंतर एक व्यावहारिक तोडगा निघाला.

"दुसऱ्यांदा जायचं, पण झिंगाट झालं की उठायचं."

"मग मध्यंतरातच घरी?"

"घरी आल्यावर सांगायचं, दोघं हैदराबादला सुखात हायती."

तोडगा सर्वांना पटला, गट करून लोक पुन्हा गेले, आणि मध्यंतरात एकही उठला नाही. तिकिटाचे पैसे पूर्ण दिले असताना अर्धे दुःख सोडून येणे पुणे जिल्ह्याच्या या भागात गैर समजले जाते.

फेब्रुवारी 2025 मधील 'छावा'च्या अखेरच्या दृश्यांचा उल्लेख येथे फक्त उल्लेख म्हणून करावा लागतो. छत्रपती संभाजी महाराजांची समाधी असलेले वढू बुद्रुक शिरूर तालुक्यात आहे, आणि ती दृश्ये पाहून तेथील ज्या प्रेक्षकाच्या घशाखाली घास उतरला नाही त्याच्याविषयी विनोदी लेखाने काही बोलू नये.

अलीकडे नकोसे दृश्य पाहण्यासाठी थिएटरात जाण्याचीही आवश्यकता उरलेली नाही, ते दौंड-पुणे शटलमध्ये शेजाऱ्याच्या मोबाइलवर आपोआप दिसते. शटल म्हणजे दौंड, पाटस, केडगाव, यवत अशी स्टेशने घेत रोजच्या नोकरदारांना पुण्याला नेणारी गाडी. तीत बसलेला माणूस कानात बोंडे घालून चित्रपट पाहतो आणि त्याच्या डोक्यावर दांडी धरून उभे असलेले पाच जण, खिडकीबाहेर पाहत असल्याचा चेहरा करून, तोच चित्रपट विनाआवाज पाहतात. विनाआवाज दृश्य अधिक भयंकर असते, कारण संवाद ज्याने त्याने आपल्या मनचे घातलेले असतात. खुटबावच्या आसपास पडद्यावर एक पोते फरपटत जाते, आणि तेवढ्यात मालकाला फोन येतो.

"ओ भाऊ, फोन ठेवा ना जरा. त्या पोत्यात काय होतं?"

"तुम्ही बघत होतात?"

"छ्या. असलं आपण बघत नाय. पण होतं काय?"

"हडपसर आलं, उतरतो मी."

पोत्यात काय होते हे न कळलेला माणूस ज्याने पोते उघडलेले पाहिले त्याच्याहून जास्त दिवस जागा राहतो. या विशिष्ट माणसाने तर मालकाच्या मागोमाग हडपसरला उतरून, आपले पुणे स्टेशनजवळचे कार्यालय सोडून, त्याच्या कंपनीच्या फाटकापर्यंत पाठपुरावा केला. तेथे रखवालदाराने दोघांनाही तीच गोष्ट विचारली.

राहिला प्रश्न उपायांचा. "त्याचा विचारच करू नको" हा घरगुती सल्ला निकामी आहे, हे अमेरिकन मानसशास्त्रज्ञ डॅनियल वेग्नर यांनी 1987 सालीच दाखवले होते. त्यांनी काही जणांना पांढऱ्या अस्वलाचा विचार करू नका, आणि आलाच तर घंटी वाजवा, असे सांगितले, आणि घंट्या वाजत राहिल्या. त्यानंतर 2009 साली ऑक्सफर्डमधील एमिली होम्स व सहकाऱ्यांनी प्रयोगातील लोकांना मुद्दाम विदारक चित्रफीत दाखवली, अर्ध्या तासाने त्यांतील काहींना 'टेट्रिस' हा वरून पडणारे निरनिराळ्या आकारांचे ठोकळे जुळवण्याचा खेळ दिला, आणि ज्यांनी तो खेळला त्यांच्या मनात ती दृश्ये पुढच्या आठवड्यात कमी वेळा उसळली. डोळ्यांना आकार लावण्याच्या कामाला जुंपले की नकोशा चित्राला बसायला जागा कमी पडते, असा त्याचा सारांश आहे.

शिरूर तालुक्यात हा उपाय टेट्रिसच्या पुष्कळ आधीपासून कांद्यावर चालत आला आहे. उन्हाळी कांदा चाळीत, म्हणजे हवा खेळती राहील अशा फळ्यांच्या किंवा जाळीच्या लांबट कोठारात, भरण्यापूर्वी तो निवडावा लागतो. मोठा वेगळा, मध्यम वेगळा, लहान ती गोल्टी, त्याहून बारीक ती चिंगळी, दोन एकत्र जुळलेला तो जोड, आणि फुलाचा दांडा आलेला तो डेंगळा, अशी प्रतवारी हाताने आणि नजरेने करायची असते. रात्री नकोसे दृश्य पाहून झोप न येणाऱ्या नातवंडांना एका आजीबाईंनी चाळीपुढे बल्ब लावून ढिगाशी बसवले. मुले पहाटेपर्यंत एकमेकांना चिकटून, मागे वळून न पाहता, मान खाली घालून कांदा निवडत राहिली, आणि उजाडता उजाडता दीड ट्रॉली माल असा चोख निघाला की मजुरांच्या हातून निघाला नसता. मुलांना भूत आठवले नाही, आजींना मजुरीचा भाव आठवला. पुढच्या उन्हाळ्यात कांदा काढून झाला, मजूर मिळेनात, तेव्हा आजींनी मोठ्या नातीला जवळ बोलावून हळूच विचारले, "बाई, त्या झाड उगवलेल्या म्हातारीचा पिच्चर कुठं लागतो गं? समद्यास्नी एकदमच दाखवू. जावईबापूंनाबी बोलव."